महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरील गणित

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी, कसबा पेठ, पुणे येथे दिलेले भाषण)



प्रथम एक खुलासा करणे अवश्य आहे. निमंत्रणपत्रिकेत आमच्या नावापुढे 'गणिततज्ज्ञ' असा शब्द छापला गेला आहे. तो चिटणीसांच्या प्रेमाचा भाग समजावा. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. १९७५ साली दहावीच्या नव्या परीक्षेची जी पहिली तुकडी बाहेर पडली तीत आम्ही होतो. परीक्षा दहावीची झाली तरी आळीतले लोक तिला मॅट्रिकच म्हणत, म्हणून आम्हीही म्हणतो. पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत प्राथमिक शाळेत गणित व मराठी शिकविले. विद्यार्थी म्हणून महाविद्यालयाची पायरी आम्ही कधीही चढलो नाही. असे असता महाविद्यालयातील गणितावर आम्ही बोलावे हे कोणास धाडसाचे वाटेल. परंतु उंबरठ्याची उंची आत बसलेल्या माणसापेक्षा बाहेर अडखळलेल्यास अधिक ठाऊक असते, आणि आमच्या घरात त्या उंबरठ्यावर दोन माणसे अडखळलेली आहेत. त्यांपैकी एकाच्या बाबतीत दोष आमचा होता. तो येथे सांगावयाचा असे ठरवूनच आम्ही उभे राहिलो आहोत.

ज्या गणिताविषयी बोलावयाचे ते दहावीच्या पुढचे आणि कलनशास्त्राच्या अलीकडचे. अमेरिकेत त्यास 'प्रीकॅल्क्युलस' असे स्वतंत्र नाव आहे, आणि तेथील महाविद्यालयांतही तो विषय वेगळा म्हणून शिकविला जातो. आपल्याकडे त्यास नाव नाही; अकरावीच्या दोन पुस्तकांत ते विखुरलेले आहे. २०१९ साली आलेल्या या पुस्तकांचे प्रत्येकी नऊ पाठ. पहिल्यात कोनमापन, त्रिकोणमिति, सरळ रेषा, वर्तुळ, शंकुच्छेद. दुसऱ्यात संमिश्र संख्या, श्रेढी, क्रमचय-संचय, फलन, आणि शेवटी सीमा, सातत्य व कलनाचा श्रीगणेशा. वर्ष संपण्यापूर्वी मुलाने या अठरा पाठांतून जावयाचे. त्यांतून जो सुखरूप गेला त्यास अभियांत्रिकीची, वास्तुविद्येची, संख्याशास्त्राची, संगणकाची दारे उघडतात. जो न गेला तो बहुधा गणितच सोडतो. शास्त्र शाखेत गणित घेतलेच पाहिजे असे बंधन नसल्यामुळे सोडणे सोपेही आहे. आपल्या आळीत दहावीला नव्वदावर टक्के मिळविणारी मुले दर वर्षी निघतात, आज या मंचावर अकरा बसली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र दोन वर्षांनंतर त्यांच्यापैकी किती गणितात उरतात याची नोंद आपल्या मंडळाने आजवर ठेवलेली नाही.

आता घरची गोष्ट.

आमचे वडील तांबट आळीत हातोडीवर जगले. त्यांच्या उमेदीच्या काळी बंब, घंगाळी, हंडे, तपेली यांना गिऱ्हाईक होते. पुढे ॲल्युमिनियम आणि मागून स्टेनलेस स्टील आले आणि आळीतला ठोका मंदावला, हे आपणांपैकी वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. वडिलांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. घंगाळासाठी तांब्याचा पत्रा गोल कापावयाचा, तर तो केवढा कापावा? नवखा कारागीर दोरी घेऊन भांड्याच्या आतून, तळाच्या मध्यापासून काठापर्यंत, वळणावळणाने मोजील आणि तेवढी त्रिज्या धरील. वडील तसे करीत नसत. लोखंडी कैवाराचे एक टोक आत तळाच्या मध्यावर ठेवीत, दुसरे काठावर टेकवीत, म्हणजे अंतर सरळ, हवेतून घेत, आणि तेवढ्याच त्रिज्येचे वर्तुळ पत्र्यावर आखीत. ठोकताना धातू थोडा पसरतो म्हणून कैवार किंचित आवळून धरीत, एवढीच काय ती सूट. भांडे उथळ असो की खोल, नियम हाच.

दोरीच्या व कैवाराच्या मापात फरक थोडाथोडका नाही. सात इंच त्रिज्येचे अर्धगोलाकार भांडे घ्या. वळणाने मोजाल तर ११ इंच भरेल, कैवाराने ९.९ इंच. ११ इंचांच्या चकतीचे क्षेत्रफळ सुमारे ३८० चौरस इंच होते. भांड्यास लागतात ३०८. म्हणजे ७२ चौरस इंच तांबे वाया, आणि तांबे वजनावर विकत घ्यावयाचे! आम्ही दहावीत असता वडिलांस विचारले की, हे असे का? ते म्हणाले, "माप चुकले की तांबे बोलते." त्यापलीकडे उत्तर नव्हते, आणि आमच्या पुस्तकातही नव्हते. गोलाच्या पृष्ठाचे सूत्र पुस्तकात दिले होते, पण ते कोठून आले हे सांगितले नव्हते. ते पुढल्या इयत्तांचे काम, असे मास्तर म्हणाले. आम्ही पुढल्या इयत्तेत गेलो नाही. पदविकेला गेलो, कारण तिच्या शेवटी नोकरी होती.

आमचे धाकटे बंधू मात्र गेले. १९७९ साली दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊन त्यांनी येथील एका महाविद्यालयात शास्त्र शाखेस नाव घातले. मराठी माध्यमातला मुलगा. पहिल्या दिवसापासून शिकवणे इंग्रजीतून, वर्गात शंभराच्या वर मुले, आणि फळा शेवटच्या बाकावरून दिसत नाही. १९८० च्या वार्षिक परीक्षेत ते गणितात नापास झाले. पुन्हा बसावे अशी त्यांची इच्छा होती. एका संध्याकाळी वही घेऊन ते आमच्यापुढे आले आणि म्हणाले, "दादा, एवढे समजावून सांग." त्रिकोणमितीची उदाहरणे होती. आम्ही कंदिलाजवळ सरकून ती वही बराच वेळ पाहिली. आम्हांस एकही उदाहरण सुटेना.

त्या वेळी आम्ही २१ वर्षांचे होतो, नोकरीस लागून दोन वर्षे झाली होती आणि आळीत आम्हांस 'मास्तर' म्हणत. मास्तरास येत नाही हे धाकट्या भावापुढे कबूल करण्याची आम्हांस लाज वाटली. म्हणून आम्ही वही मिटून त्यांस सांगितले की, "हे गणित आपल्या आळीचे काम नव्हे. वर्ष फुकट घालवू नको, वडिलांबरोबर बस." वडिलांनीही मास्तरांचा शब्द मानला. बंधू बसले. गेली पंचेचाळीस वर्षे ते उत्तम मठारकाम करीत आहेत. त्यांच्या हातचे ठोके पाहण्यास परगावचे लोक येतात, आणि आपल्या कामाविषयी त्यांची काही तक्रार नाही. परंतु ते काम त्यांनी निवडले नव्हते. आम्ही ते निवडले, आणि निवडण्याचे कारण त्यांची असमर्थता नसून आमची होती. हे आम्ही त्यांस मागील वर्षापर्यंत सांगितले नव्हते. ते येथे तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांच्या परवानगीने हे बोलत आहोत.

मागील वर्षी आमची नात, कन्येची कन्या, अकरावीसाठी आमच्याकडे राहावयास आली. दहावीला गणितात ९४ गुण. पहिल्या घटकचाचणीत २५ पैकी ६. तिने ते घरात सांगितले नाही. दप्तरात घडी घातलेली उत्तरपत्रिका आमच्या सौभाग्यवतींच्या हाती लागली. पोरगी म्हणाली, "आजोबा, मी गणित सोडते. जीवशास्त्रावर भागेल." आमच्या कानांवर पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे आमचेच शब्द पडल्यासारखे झाले. या वेळी आम्ही एवढेच म्हणालो की, "आम्हांस हे येत नाही. पुस्तक इकडे आण, दोघे मिळून पाहू." पासष्टाव्या वर्षी आम्ही अकरावीत गेलो ते असे.

त्या अभ्यासात जे दिसले ते येथे सांगतो, कारण मंचावरील मुलांना येत्या जूनपासून त्याच वाटेने जावयाचे आहे.

पहिली अडचण शब्दांची, परंतु ती आपण समजतो तशी नाही. साइन, कोसाइन हे शब्द मुलांना परके वाटतात आणि परक्या वस्तूप्रमाणे ती त्यांना पाठ करतात. वस्तुतः हा शब्द आपल्याच घरून बाहेर गेलेला आहे. धनुष्याची दोरी ती ज्या, तिचेच दुसरे नाव जीवा. अरबी पंडितांनी आपल्या ग्रंथांवरून 'जीबा' असे लिहून घेतले. त्यांच्या लिपीत स्वर लिहीत नसल्यामुळे पुढील वाचकांनी ते 'जैब' असे वाचले, आणि जैब म्हणजे वस्त्राची घडी किंवा छातीवरील खोळ. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्या अर्थाचा आपला शब्द घातला, सायनस. त्याचे झाले साइन. कोसाइन म्हणजे आपली कोटिज्या. ही गोष्ट सांगितली तेव्हा नातीने पहिल्यांदा पुस्तकातून मान वर केली. ज्या म्हणजे दोरी हे एकदा डोळ्यांपुढे आले की, कोन वाढेल तशी अर्धी दोरी वाढत जाते आणि ९० अंशांशी थांबते, हे पाठ करावे लागत नाही.

दुसरी गोष्ट कोनाच्या मापाची. शाळेत कोन अंशांत मोजला, महाविद्यालयात एकाएकी रेडियनमध्ये. का, हे कोणी सांगत नाही. दोरीचा तुकडा चकतीच्या त्रिज्येएवढा कापून चकतीच्या काठावर वळवून बसवा. तो मध्याशी जो कोन करतो तो एक रेडियन, सुमारे ५७ अंश १८ कला. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास ज्यांचे कोष्टक दिले; त्यात २४ ज्या आहेत आणि त्रिज्या धरली आहे ३४३८. ही विचित्र संख्या कोठून आली? ५७ अंश १८ कलांच्या कला करा: ५७ गुणिले ६० अधिक १८, म्हणजे ३४३८. कोन आणि ज्या एकाच मापाने मोजाव्यात ही युक्ती त्याने साधली होती. त्या कोष्टकातील पहिली ज्या २२५ कलांच्या कोनाची, आणि तिचे मान २२५. लहान कोनासाठी कंस व ज्या जवळजवळ सारखीच. अकरावीच्या 'सीमा' या पाठात मुले जे सूत्र घोकतात त्याचे बीज हेच. आम्ही तीस वर्षे मुलांस आर्यभटाचे नाव सांगत आलो. हा हिशेब आम्ही स्वतः मात्र मागील वर्षी केला.

खरी चढण फलनाची आहे. शाळेत उत्तर म्हणजे एक संख्या असते. महाविद्यालयात उत्तर म्हणजे एक नियम असतो, आणि येथे मुलांचा पाय घसरतो. 'एफ' आणि कंसात 'एक्स' असे लिहिलेले पाहून ती त्याचा गुणाकार समजतात. आमच्या नातीने तेच केले होते. तसेच दोन कोनांच्या बेरजेची साइन म्हणजे दोन साइनांची बेरीज असेही ती लिहीत होती. आम्ही म्हटले, ताडून पाहा. ३० अंशांची साइन अर्धा. दोनदा घेतली तर १. परंतु ६० अंशांची साइन ०.८६६. म्हणजे आपला नियम खोटा. एवढी एक गोष्ट तिला वर्गात कोणी करू दिली नव्हती: सूत्र लिहिण्यापूर्वी संख्या घालून पाहणे.

फलन समजावण्यास आम्हांस जुन्या पाढ्यांचा उपयोग झाला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आम्ही लहानपणी घोकल्या. तरुण मंडळींनी नावेही ऐकली नसतील. दिडकी म्हणजे काय? कोणतीही संख्या आत घाला, दीडपट होऊन बाहेर येते. ती संख्या नव्हे, तो संख्यांना लावण्याचा नियम, म्हणजेच फलन. आता ४ घ्या. आधी एक मिळवा व मग दिडकी लावा: साडेसात. आधी दिडकी लावा व मग एक मिळवा: सात. क्रम बदलला की उत्तर बदलले. फलनांची जोडणी या मथळ्याखाली पुस्तकात जे आहे ते एवढेच, परंतु तेथे ते चिन्हांच्या गर्दीत हरवते. (येथेच एक सांगतो. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात तेवीस ऐवजी 'वीस तीन' असे म्हणण्याची सोय ठेवली गेली, तेव्हा मोठे वादळ उठले आणि आम्हीही त्याविरुद्ध तावातावाने बोललो. त्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी 'गणितगप्पा' लिहून मराठी मुलांसाठी केवढे काम करून ठेवले होते ते आम्हांस त्या वेळी ठाऊक नव्हते. त्या २०२३ साली निवर्तल्या. 'वीस तीन' आम्हांस अजूनही पुरते पटलेले नाही. परंतु मुलाची जीभ कोठे अडते हे पाहणारे माणूस त्यामागे होते, एवढे आता कळते.)

आणि एक गोष्ट, जी आमच्या व्यवसायबंधूंस आवडणार नाही. नातीच्या चुका त्रिकोणमितीच्या फार थोड्या होत्या. बहुतेक चुका अपूर्णांकांच्या, चिन्हांच्या आणि कंसांच्या होत्या. हे सर्व शाळेतले. दहावीत ९४ गुण मिळाले ते नमुन्याची उदाहरणे शंभर वेळा गिरवून. आणि तसे गिरवून घेणारे आम्हीच. परीक्षेच्या आधी आम्हीसुद्धा वर्गात म्हणत असू, "का ते पुढे कळेल, आता असे कर." पुढे कळण्याची जागा म्हणजे अकरावी, आणि तेथील अध्यापक समजतात की, ते मागे कळलेले आहे. अलीकडे त्यात आणखी एक भर पडली आहे. महाविद्यालयात नाव, आणि अभ्यास खासगी शिकवणीत. अनेक ठिकाणी वर्ग ओस पडलेले असतात आणि शिकवणीचे लोक दोन वर्षांचा अभ्यास पंधरा महिन्यांत उरकून प्रवेशपरीक्षेच्या प्रश्नांना हात घालतात. शिकवणीची फी भरून बाप मोकळा होतो. मुलाला प्रश्न विचारण्यास कोठेच जागा नसते.

पुण्यात तरी असे होऊ नये. या शहरास गणिताची परंपरा आहे आणि ती केवळ पदवीधरांची नाही. केरो लक्ष्मण छत्रे, ज्यांस लोक केरूनाना म्हणत, ते १८२५ साली जन्मले. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. त्याच्या फार आधीच त्यांचे शिक्षण संपलेले, त्यामुळे त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. कुलाब्याच्या वेधशाळेत काम करीत ते गणित व ज्योतिष शिकले, १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली, आणि पुण्यास डेक्कन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी. पुढे १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले तेथे टिळकांनी गणित शिकविले. गोपाळ कृष्ण गोखले यांनीही तेथे गणित शिकविले, आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चालले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे दापोलीजवळच्या मुर्डीचे. ते १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाच्या मानाचे, म्हणजे सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. ते तेथे मोठ्या पगारावर राहू शकले असते. परत येऊन १९०२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. १९७६ साली प्राध्यापक श्रीराम अभ्यंकर यांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले, ते येथे एरंडवण्यातच आहे. ज्ञातीतील मुलांनी तेथे किमान एकदा तरी जाऊन यावे.

मात्र या सर्व थोरांच्या नावांपेक्षा आम्हांस चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख अधिक महत्त्वाचा वाटतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला. शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०६ च्या सुमाराचा तो लेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. लेखाचा आरंभ संस्कृतात आहे, परंतु शेवटचा भाग मराठीत आहे आणि त्यात पैशांचा विषय आहे: पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर आणि तेलाच्या घाण्यांवर मठासाठी अमुक अमुक भाग द्यावा. पंडितांचे काम संस्कृतात. आणि तेली, वाणी, दुकानदार यांनी समजून द्यावयाचे ते त्यांच्या भाषेत. आठशे वर्षांपूर्वी या महाराष्ट्रात गणिताच्या अभ्यासाचा खर्च बाजारपेठ उचलीत होती.

आता कैवाराकडे परत येतो.

दिवाळीच्या सुट्टीत नात आमच्या बंधूंच्या दुकानी बसली होती. त्यांनी सवयीप्रमाणे घंगाळात कैवार टेकविला आणि पत्रा आखला. तिने विचारले, "धाकटे आजोबा, दोरीने का मोजत नाही?" बंधू म्हणाले, "माप चुकले की तांबे बोलते." तिचे समाधान झाले नाही. तीन दिवस ती त्याच्या मागे होती. चौथ्या दिवशी एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे पेन्सिलने आकृती काढून तिने आम्हां दोघांस समोर बसविले.

तिचे म्हणणे असे. भांडे ज्या गोलाचा भाग आहे त्याचा उभा व्यास काढा. अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो, त्यामुळे समरूप त्रिकोण मिळतात आणि कैवारातील अंतराचा वर्ग हा गोलाचा व्यास गुणिले भांड्याची खोली याबरोबर येतो. एवढे दहावीचे आहे. आता भांड्याच्या सारख्या उंचीच्या आडव्या अरुंद पट्ट्या कल्पा. तळाजवळची पट्टी घेराला लहान, परंतु निजलेली असल्यामुळे रुंदीला मोठी. काठाजवळची घेराला मोठी, परंतु उभी असल्यामुळे रुंदीला लहान. घेर जेवढ्या पटीने कमी, रुंदी तेवढ्याच पटीने जास्त; म्हणून सर्व पट्ट्या क्षेत्रफळाने सारख्या. पट्ट्या रुंद असतील तोवर यात थोडी चूक राहते. त्या अरुंद करीत जाल तशी चूक हवी तेवढी लहान करता येते. हीच सीमा. अशा रीतीने भांड्याचे पृष्ठ गोलाचा मोठा घेर गुणिले खोली एवढे येते, आणि कैवाराने आखलेल्या चकतीचे क्षेत्रफळही तंतोतंत तेवढेच. भांडे उथळ असो की खोल.

हा सिद्धांत ग्रीक पंडित आर्किमिडीज याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिद्ध केला होता, हे तिने पुढे शोधून काढले. भास्कराचार्यांनीही आवळ्यावरील रेषांप्रमाणे गोलाच्या फाका कल्पून त्याचे पृष्ठ काढले आहे. आमच्या वडिलांना यांपैकी कोणाचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते.

बंधू पुष्कळ वेळ त्या पत्रिकेकडे पाहत होते. मग त्यांनी नातीस विचारले, "हे अकरावीला असते?" ती म्हणाली, "तुकड्यातुकड्यांनी असते." त्यांनी पत्रिका घडी करून दुकानातील गल्ल्यात ठेवली. त्या रात्री आम्ही त्यांस १९८० सालच्या वहीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "दादा, मला तेव्हाच कळले होते. तुला येत असते तर तू रात्रभर सोडवीत बसला असतास." यावर आम्हांस काही बोलता आले नाही.

नात अकरावीला गणितात १०० पैकी ६१ गुणांनी उत्तीर्ण झाली. सत्कारास पात्र होण्याइतके ते गुण नाहीत आणि तिचे नाव आजच्या यादीत नाही, हे योग्यच आहे. येत्या फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आहे. तीत काय होईल ते आम्हांस ठाऊक नाही. तिने गणित सोडलेले नाही.

आता मंडळापुढे एक विनंती. दर वर्षी शाल, श्रीफळ आणि काचेचे स्मृतिचिन्ह यांवर आपण खर्च करतो. स्मृतिचिन्हे आमच्याही कपाटात सात आहेत, ती पुसावी लागतात. पुढील वर्षापासून स्मृतिचिन्हांऐवजी तोच पैसा कार्यालयाच्या माडीवरील रिकाम्या खोलीस द्यावा: एक मोठा फळा, दोन बाके, एक पंखा, आणि अकरावी-बारावीच्या पुस्तकांचे दोन संच. लॉगटेबलांच्या सात प्रती आम्ही जुन्या बाजारातून आणून ठेवल्या आहेत. बोर्डाच्या परीक्षेत गणकयंत्र चालत नाही, टेबल पाहता आलेच पाहिजे. शिकविण्यास ज्ञातीतीलच दोन अभियंते आणि बँकेतील एक भगिनी रविवारी येण्यास तयार आहेत. त्यांची एकच अट आहे की, मुलांनी न सुटलेले उदाहरण घेऊन यावे, सुटलेले नव्हे. पालकांनीही यावे. ज्यांना काही येत नाही त्यांनी अवश्य यावे. आम्ही शेवटच्या बाकावर असूच.

खोली येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता उघडेल. आमचे बंधू पहिल्या दिवशी घंगाळ आणि कैवार घेऊन येणार आहेत. किल्ली सध्या त्यांच्या दुकानी आहे. ज्यांना आधी यावयाचे असेल त्यांनी ती तेथून न्यावी.